कारभारणीची जाळी

श्रावणातल्या सोमवारी संध्याकाळी कारभारीण कट्ट्यावर म्हशीखाली बसली. धार अर्ध्यावर आली तेव्हा ती उठली. तिच्या साडीवर रक्त होते. तिने बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मास्तर, घरला जाऊया."

तिने धार अर्ध्यावर सोडलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. पाऊस असो, ताप असो, घरात लग्न असो, कास रिकामी होईपर्यंत ती उठत नसे. कोल्हापुरात ज्यांनी रस्त्याकडेला उभे राहून धारोष्ण दूध प्यायले आहे त्यांना कट्टा सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पेठेतले म्हशीवाले संध्याकाळी म्हशी घेऊन ठरलेल्या जागी येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि गिऱ्हाईक फेसासकट पेला तोंडाला लावते. आमच्या कट्ट्यावर सगळे पुरुष, बाई एकटी ही. माझ्या वडिलांनी अंथरूण धरल्यावर ती पहिल्यांदा म्हैस घेऊन तिथे गेली, तेव्हा कोणीतरी विचारले होते, "घरात गडी न्हाय व्हय?" ती म्हणाली, "हाय की. त्ये पुस्तक वाचत्यात. म्हस त्यास्नी वळखत न्हाय."

तो गडी मी. पेठेतल्या शाळेत मराठी शिकवत होतो, आता निवृत्त आहे. घर, गोठा, वैरण, दूध, पाहुणेरावळे सगळे तिच्याकडे, म्हणून कट्ट्यावरचे लोक तिला कारभारीण म्हणत आणि हळूहळू मीही म्हणू लागलो. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ती 'मी आलो, मी जातो' असे बोले. आवाज असा की तिने गोठ्यातून हाक मारली तर गल्लीच्या टोकाचा माणूस वळून बघे. शब्द झाकून ठेवणे तिला ठाऊक नव्हते. शेजारच्या सुनेला दिवस गेले की बाकीच्या बायका 'गोड बातमी' म्हणत, ही म्हणे, "गाभण हाय." माणसाला आणि म्हशीला तिच्याकडे एकच शब्दकोश होता.

"माझं अंग बाहेर येतंया," हेही तिने मला तसेच सांगितले, मी उत्तरपत्रिका तपासत असताना. मी पेन खाली ठेवले. "म्हणजे?"

"म्हणजे काय? पोरगी जिथनं झाली तिथनं. वझं उचललं की खाली येतंया. हातानं आत ढकलतो आन् कामाला लागतो."

कधीपासून, असे विचारले तर म्हणाली, "लेकीच्या लग्नाआदीपास्नं." शाहूवाडीकडच्या माहेरी भाताच्या चिखलात वाकणे, इथे आल्यावर डोक्यावर गवताचा भारा आणि दोन्ही हातांत बादल्या, बाळंतपणानंतर महिना भरायच्या आत पुन्हा गोठा. तिच्या ओळखीतल्या कितीतरी बायकांचे हेच होते आणि त्यातली एकही दवाखान्यात गेली नव्हती. ती गेली.

डॉक्टरांनी सांगितले, "आतून जाळीचा आधार देऊ, मग खाली येणार नाही." जाळी म्हणजे काय, हे आम्ही विचारले नाही. आमच्या घरात जाळी आधीच येऊन गेली होती. माझ्या थोरल्या भावाला, दादांना, हर्निया झाला होता. त्यांच्या पोटात जाळी बसवली होती आणि पुढच्या गळीत हंगामात दादा उसाच्या ट्रॉलीवर चढून उभे होते. "माझ्याबी पोटात हाय की," म्हणत दादांनी सदरा वर करून व्रण दाखवला. "काय सुदीक होत न्हाय." एका घरात दोन जाळ्या झाल्या, असे म्हणून हसत आम्ही सही केली. पोटाच्या भिंतीला लावायची जाळी वेगळी आणि बाईच्या लघवीच्या पिशवीला, योनीला खेटून बसवायची जाळी वेगळी, तिचे त्रासही वेगळे, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आले नाही. डॉक्टरांनीही सांगितले नाही.

योनी हा शब्द लिहिताना माझा हात थांबला होता. पण तो तिचा हुकूम आहे. दवाखान्यात असताना ती एकदा म्हणाली, "मास्तर, मी गेल्यावर माझ्यावर लिव्हणार नव्हं? लिव्हा. पर द्येवी करू नका मला. आन् दुखणं झाकू नका. न्हायतर लोक म्हणतील, मास्तरीण मूळव्याधीनं गेली."

जाळी बसवल्यानंतरचे पहिले काही महिने बरे गेले. मग बसताना टोचू लागले. लघवीला आग होऊ लागली. गोळ्या घेतल्या की ती थांबे, गोळ्या संपल्या की परत सुरू. ती एका बाजूवर कलून धार काढू लागली. कट्ट्यावरचे म्हणू लागले, "कारभारीण, म्हातारी झालीस की." मग तो श्रावणातला सोमवार आला.

रक्त बघून वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, म्हणाल्या, "धाकटे, तुझी पाळी परत आली जणू." पाळी जाऊन तिला वर्षे झाली होती. पण वय उलटल्यावर रक्त गेले की गल्लीतल्या बायका हाच अर्थ लावत. थोड्याच दिवसांत गौरी आल्या. आमच्याकडे घरातली सून नदीवर जाऊन गौरीचे डहाळे कळशीत घालून आणते, बरोबरच्या बायका गाणी म्हणतात. त्या वर्षी तो मान कारभारणीचा होता. ती निघाली तेव्हा वहिनी दारात आडव्या आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्या बारीला ऱ्हाऊ दे. तू बाजूला बस."

"बसाय येत न्हाय म्हणून तर रडालोय, आक्का," ती म्हणाली. "आन् ही पाळी न्हवं. जाळीचं रगात हाय. जाळीला कसला आलाय इटाळ? पाळी असती तरी गौर बाईच हाय. तिला काय नवं हाय त्यात?"

तिने आत कापडाची घडी घेतली होती. नदीवरून घरापर्यंत ती कळशी घेऊन चालत आली, आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. वहिनी थोडे अंतर ठेवून मागून चालत होत्या. घरी आल्यावर त्यांनीच तिच्या पायांवर पाणी घातले, कारण ते त्यांचे काम होते.

सण झाल्यावर आम्ही जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खुर्चीत बसूनच सगळे ऐकले. "वयाप्रमाणे थोडं व्हायचंच. जाळी जागेवर आहे. खाली बसायचं काम बंद करा." ती उठली, पडद्यामागे गेली, टेबलावर झोपली आणि तिथून म्हणाली, "जागंवर हाय का न्हाय ते हिकडं यून बगा." ते बाहेरच्या बाकड्यांवरही ऐकू गेले असणार. डॉक्टरांनी हातमोजे घातले. पडद्याबाहेर आले तेव्हा ते जरा नरम बोलत होते. जाळीची कड योनीच्या भिंतीतून बाहेर आली होती. एवढीशीच आहे, कापून टाकू, म्हणाले. कापली. काही महिन्यांनी ती दुसऱ्या जागी वर आली. मलम दिले, पुन्हा कापली, पुन्हा आली. "शेंडं खुडत बसल्यात," ती म्हणाली. "मूळ आतच हाय."

या दिवसांत धार काढायला माणूस हवा होता. गडी ठेवायला ती तयार नव्हती, म्हणून मी बसलो. आमची म्हैस हरणी मला पान्हा सोडेना. मग कारभारीण तिच्या तोंडाशी उभी राहून मान खाजवायची, तिच्याशी बोलायची, आणि तिच्या आवाजावर हरणी मला दूध द्यायची. कट्ट्याला करमणूक झाली.

"मास्तर, कविता म्हणून बगा. दूध न्हाय तर न्हाय, झोपंल तरी."

"अवो, सड हाय त्यो, खडू न्हाय. दाबून लिव्हाय लागलाईसा."

कारभारीण म्हणायची, "हसा. ह्या वयात शिकाल्यात तरी. तुमी काय शिकलासा जन्मात?" पण घरी परतताना तिचा आवाज उतरे. दुखण्याबद्दल ती सगळ्यांशी बोले, या एका गोष्टीबद्दल फक्त माझ्याशी. "मला म्हशीखाली बसायचं हाय, मास्तर. बाकी काय बी न्हाय झालं तरी चालंल."

आमची लेक पेठ वडगावला दिली आहे. तिच्या ओळखीच्या एका नर्सने शहरातल्याच दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितले. या बाई मूळच्या चंदगडच्या, बोलायला सावकाश. त्यांनी आधी सगळे ऐकून घेतले. मग तपासताना एक बोट आत ठेवून हळूहळू दाबत विचारू लागल्या, "इथं? आणि इथं?" एका जागी कारभारणीने त्यांचा हात धरला. "तिथंच. हलू नका. मास्तर, सापडलं." मी पडद्याच्या अलीकडे उभा होतो. इतक्या तपासण्यांत तिच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवणारे हे पहिलेच माणूस होते.

मग त्यांनी विचारले, "मिस्टरांना काही जाणवतं का?" मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहू लागलो. कारभारीण आतून म्हणाली, "सांगा की, मास्तर." आम्ही नवरा-बायको होतो. जाळीची ती कड मलाही लागली होती, आणि आमच्यात काय थांबले होते ते आम्ही दोघांनी कोणाला सांगितले नव्हते. मी म्हणालो, "टोचते." आयुष्य मराठी शिकवण्यात घालवले, त्या दिवशी एक क्रियापद पुरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे सांगितलंत, बरं झालं. कोणी सांगत नाही."

एमआरआय झाला, दुर्बीण घालून लघवीची पिशवी आतून बघितली. पिशवीच्या आत जाळी शिरलेली नव्हती, पण बाहेरून चिकटली होती. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितले, "बऱ्याच बायकांना जाळी मानवते. तुम्हाला मानवली नाही. हे तुमच्या मनातलं नाही आणि वयाचंही नाही. आमच्याकडं काजूच्या झाडाला कुंपणाची तार मारतात. झाड वाढतं आणि तार खोडाच्या आत जाते. ती ओढली तर साल सोलून येते. तसं झालंय."

"मग?"

"ओढायची नाही. बाजूनं थोडं थोडं सोडवत काढायची. वेळ लागतो."

"समदी निघंल?"

"योनीला आणि पिशवीला चिकटलेली काढता येईल. हाडाजवळ एक भाग आहे, तिथं रक्त फार जाऊ शकतं. तिथं मी हात थांबवणार. पिशवीला भोक पडू शकतं, पडलं तर तिथंच शिवू. अंग परत खाली येऊ शकतं. दुखणं पूर्ण जाईल असंही मी सांगत नाही."

"म्हशीखाली बसाय येईल का?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर कारभारीण पायऱ्यांवरच थांबली. "हिच्याकडनंच काढायची. 'म्हाईत न्हाय' म्हणाली, ऐकलंसा? त्या पयल्याला समदं म्हाईत हुतं."

घरी दादांनी विरोध केला. "बसल्याली जाळी उकराय कुणी सांगितलीया? टेबलावर काय कमीजास्त झालं तर?"

"बसल्याली न्हाय, दादा, रुतल्याली हाय. आन् मेलो तर मेलो. मरताना तरी टोचाय नगं."

"माझी बग की," दादा पोटावर हात ठेवून म्हणाले, "इतकी वरसं झाली."

"तुमची पोटात हाय. माझी कुठं हाय ते सांगू का?" दादा पाणी प्यायला आत गेले.

वहिनी तिच्याजवळ बसल्या. "सोस की, धाकटे. आमी न्हाय सोसलं व्हय?"

"सोसून काय मिळालं, आक्का?"

"काय मिळायचं? घर चाललं."

"माझं चालंना झालंय," ती म्हणाली. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना मात्र तिने या वेळी एकेक ओळ माझ्याकडून वाचून घेतली आणि कळले नाही तिथे नर्सला थांबवून विचारले. मागे लोक खोळंबले होते. ती म्हणाली, "खोळंबू द्या. माझंच अंग कापणार हायसा नव्हं?"

सकाळी तिला आत नेले. लेक आणि मी बाहेर बसलो. मी पुस्तक आणले होते, त्याचे पान उलटले नाही. दुपार उलटून गेल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "खालची सगळी निघाली," त्या म्हणाल्या. "पिशवीपासून सोडवताना एक लहान भोक पडलं, ते शिवलंय. हाडाजवळचा तुकडा ठेवलाय. त्याला हात लावला असता तर आत्ता मी तुमच्याशी असं बोलत नसते."

दुसऱ्या दिवशी कारभारणीने जाळी बघायला मागितली. ती प्रयोगशाळेत तपासणीला पाठवायची होती, त्याआधी डॉक्टरीणबाईंनी बाटली आणून दाखवली. निळसर दोऱ्यांचे ते कातरलेले तुकडे होते, त्यांत मांस विणल्यासारखे अडकलेले. कारभारीण बराच वेळ बघत राहिली. "ही? एवढीशी?" मग म्हणाली, "दादास्नी बलवा. दावूया." दादा आले, त्यांनी बाटली बघितली आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावले की तुमची जाळी वेगळ्या जागी आहे, तुम्हाला काही होत नाही. तरी दादा घरी जाईपर्यंत पोटावरचा हात काढत नव्हते.

पिशवीतले टाके भरून यावेत म्हणून लघवीची नळी बरेच दिवस ठेवली होती. भेटायला लोक येत, तेव्हा वहिनी खाटेला अडकवलेल्या नळीच्या प्लास्टिकच्या पिशवीवर टॉवेल टाकत. कारभारीण तो काढून टाके. "झाकू नका. मूतच हाय." डॉक्टरांनी चालायला सांगितले तेव्हा कारभारीण ती पिशवी पर्ससारखी हातात घेऊन वॉर्डात फिरली. समोरून एक अनोळखी माणूस चपापून बाजूला झाला, तर म्हणाली, "जावा पावणं, सांडत न्हाय."

घरी आल्यावर बरे वाटेल असे आम्हाला वाटले होते. तसे लगेच झाले नाही. ओझे उचलायला बंदी होती आणि बसले की दुखत होते, आधीपेक्षा जास्त. एका दुपारी ती गोठ्याच्या उंबऱ्याशी उभी राहून रडली. तिला रडताना मी फार कमी वेळा पाहिले. "मास्तर, उगंच काढली का वो?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"तुमीबी तसंच म्हणा," ती म्हणाली, पण डोळे पुसले.

पुढे डॉक्टरीणबाईंनी फिजिओथेरपीला पाठवले. तिथल्या मुलीने तिला आतले स्नायू सैल सोडायला शिकवले. कारभारणीला ते सगळ्यांत अवघड गेले. "जलमभर आवळून धरलंय, आता ही पोरगी म्हणतीया सोडा." रोज सकाळी ती पाठीवर झोपून श्वास सोडी आणि मी चहा ठेवी. टोचणे थांबले. आग थांबली. अंग थोडे परत खाली आले, त्यासाठी डॉक्टरीणबाईंनी आत बसवायची रबराची रिंग दिली. ती काढायची, धुवायची आणि परत बसवायची कशी, हे ती शिकली आणि नळाखाली उघड्यावर धुऊ लागली. वहिनींनी एकदा विचारले, "बरणीचं झाकण हाय व्हय?" तिने ते काय आहे ते सांगितले. वहिनी आत निघून गेल्या.

आधी उशीवर बसणे, मग पाटावर, मग भुईवर. फाल्गुनात एका संध्याकाळी मी नेहमीसारखा बादली घेऊन हरणीखाली वाकलो, तर तिने माझ्या खांद्याला हात लावून बाजूला केले. ती चवड्यावर बसली. बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. मधे एकदा तिने वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतले, तेव्हा माझा हात पुढे झाला. तिने मान हलवून नको म्हटले. कास रिकामी झाल्यावर ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, पण उठली. सगळे तिच्याकडेच बघत होते. "काय बगालाईसा? पेलं धरा," ती म्हणाली.

यानंतर ती थांबेल असे मला वाटले होते. ती पहिल्या डॉक्टरांकडे गेली. रुग्णासारखा नंबर लावला, बाकड्यावर बसली, आणि बसल्या बसल्या शेजारच्या बाईला विचारले, "तुमास्नी बी जाळी सांगितलीया व्हय? इचारून घ्या, काढाय लागली तर काय करायचं." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, जरा हळू बोला." ती म्हणाली, "हळू बोलूनच हितवर आलोय आमी समद्या."

आत गेल्यावर मात्र ती आवाज न चढवता बोलली. "मी भांडाय आलो न्हाय. जाळी घालू नका असंबी म्हणत न्हाय. पर घालायच्या आदी बाईला सांगा, काढाय लागली तर अख्खा दिस जातोय आन् समदी निघत न्हाय."

डॉक्टर म्हणाले, "तुमची केस वेगळी होती."

"आसंल. पर ज्यांचं माझ्यागत झालं, त्या परत तुमच्याकडं आल्या का? मीबी न्हाय आलो. दुसरीकडं गेलो. तुमास्नी कसं कळणार?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "त्या ऑपरेशनचे कागद मला बघायला मिळतील?" ते तिने बरोबर आणले होते. त्यांनी ते वाचले, पूर्ण वाचले. पुढे त्यांनी काय केले ते मला माहीत नाही.

पण कट्ट्यावर बायका येऊ लागल्या, हे मी पाहिले. ज्यांच्या घरी रतीबाचे दूध येत होते त्याही किटली घेऊन येत आणि हरणीच्या पलीकडच्या बाजूला उभ्या राहून हळू काहीतरी विचारत. कारभारीण उत्तर तिच्या नेहमीच्या आवाजात देई. एखादी लाजून इकडेतिकडे बघू लागली तर म्हणे, "ऐकू दे की. ह्यांच्या घरात बाया न्हाईत व्हय?" कट्ट्यावरचे पुरुष तेवढा वेळ विजेच्या खांबाकडे बघत. काही महिन्यांनी त्यांनी खांबाकडे बघणे सोडले, आणि त्यातल्या एकाने तिला बाजूला घेऊन आपल्या आईबद्दल विचारले.

गेल्या थंडीत ती गेली. सकाळी चहा झाल्यावर छातीत दुखते म्हणाली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपले होते. हृदय बंद पडले. जाळीचा किंवा ऑपरेशनचा त्याच्याशी संबंध नव्हता, असे डॉक्टरांनी सांगितले. ते मी मुद्दाम इथे लिहितो, कारण गल्लीत वेगळे बोलले गेले. रक्षाविसर्जनाला दादांच्या एका पाहुण्यांनी विचारले, "कशानं गेल्या?" मागून कोणीतरी पुटपुटले, "बायकांचं कायतरी ऑपरेशन झालतं. उकरलं, त्ये भोवलं." मी मागे वळलो. "हृदयविकाराने गेली," मी म्हणालो. "ऑपरेशन योनीतली जाळी काढायचं होतं. ते नीट झालं होतं. त्यानंतर ती आदल्या संध्याकाळपर्यंत म्हशीखाली बसत होती." मी असा बोलू शकतो हे मला माहीत नव्हते. दादांनी माझा दंड धरला. मला वाटले ते मला आवरत आहेत, पण ते पाहुण्यांना म्हणाले, "मास्तर बरुबर बोलत्यात."

तिचे दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी वहिनी गोठ्यात आल्या. मी हरणीला वैरण टाकत होतो. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता आणि त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, त्या डॉक्टरीणबाई कवा असत्यात?"

"कोणाला दाखवायचंय?"

त्यांनी खाली सांडलेली वैरण गोळा करून हरणीपुढे सारली. मग, पहिल्यांदाच, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "मला. माझंबी अंग बाहेर येतंया. धाकटी लग्न होऊन आली, त्याच्याबी आदीपास्नं."

मी त्यांना घेऊन गेलो. दादाही आले. डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि उपाय कोणकोणते आहेत ते सांगायला सुरुवात केली. वहिनींनी त्यांना मधेच थांबवले. "जाळी घालणार असशीला तर काढायची कशी, ते आदी सांगा." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले, पेन खाली ठेवले आणि पहिल्यापासून सगळे सांगितले. वहिनींनी सगळे ऐकून घेतले, दोन गोष्टी परत विचारल्या आणि मग त्यांचे त्यांनी ठरवले.

जाळी घातली नाही. त्यांच्याच अंगातल्या आधाराला टाके घालून ऑपरेशन झाले. वहिनी आता घरी आहेत. ओझे उचलायला त्यांना मनाई आहे. घरातले पाणी दादा भरतात.